सूर्याच्या फार जवळ

पेन्सिलीच्या मागच्या गुलाबी रबरावर दातांच्या खुणा होत्या – बारीक, ओळीनं, उंदरानं साबणाची वडी कुरतडावी तशा – आणि तेच रबर तो माणूस तिच्या नातीच्या, प्रणिताच्या कुंडलीतल्या एका घरावर टेकवून बसला होता. त्या घरात ‘सू’ आणि ‘चं’ ही दोन अक्षरं होती, एकमेकांना चिकटून, दोघांच्या बाकावर तिसरा बसल्यावर होतं तशी अंग चोरून. पन्नाशीचा माणूस, कपाळावर आडवं गंध, मनगटावर लाल दोऱ्याचा जाडजूड गुंडाळा, समोर संगणक, डोक्यावर एसी... आणि पेन्सिल चावतो. ज्याला स्वतःच्या दातांवर ताबा नाही, तो दुसऱ्यांच्या ग्रहांवर... तिच्या मनात वाक्य आपोआप पूर्ण झालं. अशी वाक्यं तिला शोधावी लागत नसत. ती ओठांच्या आतल्या बाजूला तयारच असत, बडीशेपेसारखी.

डावीकडे निनाद बसला होता, तिचा मुलगा, चोपन्न वर्षांचा, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी बसला होता तसाच गुडघ्यावर गुडघा घट्ट दाबून. उजवीकडे प्रतिमा, राजसची आई. राजस आणि प्रणिता जयपुरातल्या झालाना भागात एकाच ऑफिसात होते आणि दोघांनी आपलं आपण ठरवलं होतं. आता ठरायचं होतं ते एवढंच, की घरच्यांनी साखरपुडा करायचा की नाही. ‘दाधीचजी नाही म्हणाले तर माझ्याच्यानं व्हायचं नाही,’ असं प्रतिमानं स्पष्ट सांगितलं होतं. निनादनं लगेच मान डोलावली होती. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून हुशार.

शास्त्री नगरातल्या दाधीचजींच्या ह्या जिन्यावर निनादनं हात पुढे केला होता, आई, सावकाश... तो तिनं धरला नव्हता. खाली चष्म्याचं दुकान, वर भविष्याचं. एकाकडून दिसतं, दुसऱ्याकडून दिसेनासं होतं. हे तिनं जिन्यातच म्हणून दाखवलं होतं, आणि प्रतिमा कशीबशी हसली होती. ‘काकूंचं बोलणं म्हणजे ना...’

सकाळी प्रणिता चहाचा कप घेऊन तिच्या पलंगाच्या काठाशी बसली होती. चहा बिनसाखरेचा. एके काळी हीच मुलगी तीन चमचे साखर घालून वर कप चाटायची.

‘आजी, तू तिथं काही बोलू नकोस. वाद घालू नकोस. फक्त हस.’

‘कशाला हसू?’

‘तो जे म्हणेल त्याला. तुझं ते नाकातलं. बाबा देवाला घाबरत नाहीत एवढे तुझ्या हसण्याला घाबरतात. तू हसलीस की बाबा हसतील, बाबा हसले की राजसची आई ओशाळेल, की झालं.’

‘सगळा नकाशाच काढलाय की.’

‘राजस म्हणतो, आजी म्हणजे आपलं ब्रह्मास्त्र.’

आणि मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू... अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे गेलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि कुणीतरी आपल्याला अस्त्र म्हणतं. तिनं केस विंचरले, खांद्यावरून पदर नीट घेतला आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली, युद्धाला निघाल्यासारखी.

‘आश्विन अमावस्या,’ दाधीचजी आता म्हणत होते, रबर तिथंच टेकवून. ‘बहनजींनी फोनवर सांगितलं तेव्हाच मी म्हटलं, बघावं लागेल. पितरांचा दिवस. त्या दिवशी आलेलं मूल...’

‘तेच ना,’ प्रतिमा म्हणाली. ‘मला तर कीर्तीताईंनी सांगितलं आणि रात्रभर झोप नाही. मतलब, मुलगी लाखात एक आहे. पण सर्वपित्रीला जन्म म्हणजे...’

आजीनं प्रतिमाकडे आणि दाधीचजींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि तिला जे वाटलं ते राग नव्हता; राग बरोबरीच्या माणसाचा येतो. प्रतिमा जन्मली जयपुरात, वाढली जयपुरात, वडील बँकेतून बदलून आलेले. घरात गणपती बसवायचे, पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवर इथलं हिंदी पंचांग. कीर्ती, निनादची बायको, बोलते ती अमळनेरहून दर वर्षी येणाऱ्या कॅलेंडरावरून. एकीनं फोनवर आश्विन अमावास्या म्हटलं, दुसरीनं आपल्या पंचांगातली आश्विन अमावास्या काढली, आणि महिनाभर दोन घरांत मयत झाल्यासारखं वातावरण.

‘प्रतिमा, अगं,’ ती म्हणाली, ‘आपला महिना संपतो अमावास्येला. इथला संपतो पौर्णिमेला. अमावास्या तीच, पण महिन्याचं नाव एकानं पुढं. तुझ्या पंचांगात सर्वपित्री आश्विनात येते, आपल्याकडे भाद्रपदात. आमची आश्विन अमावास्या तुमच्या इथली कार्तिकातली.’

‘मतलब...’

‘मतलब दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी झालीय ती. दवाखान्याच्या खिडकीतून आख्खं शहर पेटल्यासारखं दिसत होतं. ज्या रात्रीचे दिवे बघायला लोक कुठून कुठून जयपूरला येतात, त्या रात्रीला तू श्राद्धाला बसवलंस.’

निनाद हसला. प्रतिमानं कपाळावर हात मारून घेतला, ‘अय्या, आणि मी आमच्या ह्यांनासुद्धा घाबरवून ठेवलं.’ आजीनं समाधानानं खुर्चीला पाठ टेकली. इथंच उठायला हवं होतं. दाधीचजींच्या समोर जन्मतारीख होती, छापलेली. तारीख बघून दिवाळी ओळखता येऊ नये, फोनवरच्या एका शब्दावर बसून राहावं... भटाला दिली ओसरी, आणि त्यानं आपलं बूड हलवू नये म्हणून तिथंच... नाही, हे वाक्य जुळलं नाही. पण दुसरं येत होतंच.

दाधीचजी ओशाळले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

‘माताजी, महीना बदल गया। युति तो नहीं बदली।’

मग ते बोलू लागले, हिंदीत, सावकाश. आणि तिच्या कानात ते मराठी होऊनच उतरत होतं, पन्नास वर्षांत ती मधली पायरी झिजून गेली होती. सूर्य म्हणजे आत्मा, बाप, राजा. चंद्र म्हणजे मन. आई. त्यात तुळेतला सूर्य, म्हणजे नीच राशीतला, म्हणजे स्वतःच कमजोर, आणि तरी चंद्राला जाळायला पुरेसा... ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता मोडून टाकत होती. सूर्य कमजोर म्हणे. ऑक्टोबरात जयपुरात दुपारी रस्त्यावर उभं राहून म्हणावं हे. सिग्नल लाल असेल तर लाल, त्याला राहू लागत नाही की केतू – हे तिच्या नवऱ्याचं, प्रभाकररावांचं वाक्य, ते रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते, अमळनेरहून जयपूरला बदली होऊन आले ते खातीपुऱ्यातच थांबले, अकरा वर्षांपूर्वी गेले तेही तिथंच. खातीपुरा तेव्हा नुसता वाळूचा. रात्रीची गाडी गेली की मोर ओरडायचे, आणि ती दचकून उठायची, आणि हे झोपेतच म्हणायचे, मोर आहे, वाघ नाही...

‘लोकांना वाटतं अमावास्येला चंद्र नसतो,’ दाधीचजी म्हणत होते. ‘असतो. दिवसभर सूर्याच्या बाजूबाजूनं चालतो. फक्त फार जवळ असतो, म्हणून दिसत नाही. अशी मुलगी तुम्हाला दुबळी दिसणार नाही. उलट लोक म्हणतील, केवढी ठाम. पण ती ज्याच्या जवळ राहील त्याचं बोलेल. वडिलांपाशी आहे तोवर वडिलांचं. नवऱ्यापाशी गेली की नवऱ्याचं. आणि विचारलंत तर शपथेवर सांगेल, हे माझं मत आहे. खोटं नाही बोलणार. तिला तसंच वाटेल.’

आता. ही जागा होती. निनाद तिच्याकडे पाहू लागला होता, अर्धवट हसूनच, ती हसली की आपलं पूर्ण करावं म्हणून. तिनं हनुवटी किंचित वर केली. नाकातून एक आखूड श्वास बाहेर टाकायचा, त्याला आवाज अगदी थोडा, आणि एक भुवई... इतकंच असतं ते हसणं. घरात सगळे त्याला ओळखत. त्या हसण्यानं निनादचं नाटकात जायचं राहिलं होतं, कीर्तीचे सोमवार सुटले होते, शेजारच्या मिश्राबाईंचे बाबाजी अंगणातूनच परत गेले होते. श्वास आला, नाकाशी आला... आणि तिथं तिला दुसऱ्याच कुणाचं नाक दिसलं.

लांब, टोकाला थोडं वाकलेलं, उन्हानं रापलेलं. खातीपुऱ्याच्या क्वार्टरची मागची पायरी, लग्नाला वर्षही नसेल झालं. द्वितीयेची कोर दिसली होती, लिंबाच्या मागं, नखाएवढी. अमळनेरला अशी कोर दिसली की आम्ही सगळ्या धाब्याच्या कडेला उभ्या राहायचो, मातीच्या त्या छतावर, वडील पाठीमागून बोट धरून दाखवायचे, ती बघ, ती बघ – आणि प्रत्येकीनं आपल्या कपड्याचा एक दोरा ओढून काढायचा आणि चंद्राला दाखवायचा. जुनं घे, नवं दे. जुनं घे, नवं दे... मी पदराची दशी काढली होती, हात वर केला होता. तेवढ्यात पायरीवरून ते हसणं. आखूड. नाकातलं. ‘साडी उसवून चंद्राला काय मिळणार आहे?’

ते वाईट नव्हते. ओरडत नसत. हात उगारणं तर दूरच, आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. फक्त हसायचे. आणि त्या दिवशी – हे तिला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं, किंवा आठवलं होतं पण असं नाही – त्या दिवशी तीही हसली होती. दोरा बोटाला गुंडाळून, त्यांच्याबरोबर. कसली वेडी मी. मग संकष्टी सुटली: चंद्र टाइमटेबलानं उगवतो, तू उपाशी राहिलीस म्हणून नाही. मग दारावर आलेल्या नंदीबैलवाल्याला ती एकटी असताना ती स्वतःच काहीतरी बोलली, तयार, ठसकेबाज, आणि तो खाली मान घालून गेला, आणि तिला केवढा आनंद झाला होता... मला वाटलं, मला बोलता यायला लागलं.

हे गेले. हसणं घरात राहिलं.

काय मूर्खपणा आहे हा. तिनं स्वतःला सावरलं. माझा जन्म तर माघी पौर्णिमेचा. सूर्य एका टोकाला, चंद्र दुसऱ्या टोकाला, समोरासमोर, दोघांत सहा घरांचं अंतर. ह्या माणसाच्याच शास्त्रानं माझा चंद्र भरलेला, स्वयंभू, कुणाच्या बापाचं न ऐकणारा. म्हणजे त्यानं जे सांगितलं ते ज्या मुलीचं म्हणून सांगितलं तिला लागू आहे की नाही कुणास ठाऊक, आणि जिला लागू पडतंय तिच्या कुंडलीत ते नाही. म्हणजे सगळं थोतांड. सिद्ध झालं. हसायला आता कारणही होतं, उत्तम, दुहेरी... पण श्वास नाकाशी येऊन अडला होता तो अडलाच. कारण ती मोजत होती. इच्छा नसताना मोजत होती. राजस म्हणतो, साखर म्हणजे विष. राजस म्हणतो, लाखेच्या बांगड्या बाहेरगावच्या बायकांसाठी असतात – आणि हिच्या कपाटात लाखेच्या बांगड्यांचे डबेच्या डबे, मणिहारांच्या गल्लीत तासन् तास बसून स्वतः रंग निवडून आणलेल्या. राजस म्हणतो, आजी म्हणजे ब्रह्मास्त्र.

की मुलीला साखर नकोशी झाली असेल. माणसं बदलतात. प्रेमात तर पहिल्यांदा सगळेच असं बोलतात, त्याचं त्याचं... असंही असेल. कोण सांगणार? हा पेन्सिल चावणारा?

‘काकूंनापण पटलेलं दिसतंय,’ प्रतिमा हळूच म्हणाली.

निनादचं अर्धवट हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, कुठं ठेवावं ते न कळून. ‘आई?’

‘पाणी आहे का?’ ती म्हणाली.

पाणी आलं. ती ते सगळं प्याली. दाधीचजींनी शांतीचं काहीतरी सांगितलं, तांदूळ, चांदी, दूध. मुलाच्या पत्रिकेत काही अडचण नाही, पण घाई करू नका, दिवाळीनंतर दोघांना घेऊन या, मला मुलीशी बोलू द्या. प्रतिमानं सुटल्यासारखं ‘बरं’ म्हटलं. निनादनं मान डोलावली. जिना उतरताना त्यानं हात पुढं केला, आणि तिनं धरला.

परतताना गाडीत ती दोघंच होती. झोटवाड्याच्या पुलापाशी गाड्या अडकल्या होत्या, पुढं उंटगाडीवर लोखंडी सळ्या, मागं बाहेर लोंबणाऱ्या, त्यांच्या टोकांना लाल चिंधी.

‘म्हणजे थांबू या म्हणतेस,’ निनाद म्हणाला.

‘मी काहीच म्हटलं नाही.’

‘तेच तर, आई. तू काहीच म्हटलं नाहीस.’ त्यानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. ‘तुला पटत नसतं तर तू म्हटलं असतंस. तू ऐकून घेतलंस, तेव्हा मी समजलो. प्रतिमाताईपण समजल्या. त्या तर म्हणाल्या, काकूंसारख्या बाई गप्प बसल्या म्हणजे त्यात काहीतरी असणार.’

असं. म्हणजे गप्प बसण्यालाही आता अर्थ होता. म्हणजे बोललं तर दाधीचजींचं मोडणार, न बोललं तर पोरीचं. प्रणिता सकाळी म्हणाली होती, की झालं. तिला सांगायचं होतं निनादला, की थांबू नका, करा साखरपुडा, त्या पेन्सिलवाल्याच्या नादी लागू नका – आणि हे वाक्य तयार होतं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत तयार होतं, म्हणूनच तिला ते उचलवेना.

फोन वाजला. तिचाच, पर्समध्ये.

‘आजी, हसलीस ना?’

मागं ऑफिसातले आवाज, कुणाची तरी खुर्ची ओढल्याचा.

‘नाही गं.’

‘नाही म्हणजे?’

‘नाही हसले.’

 मग हळू, दात मिटून: ‘काय बोलला असा तो? बाबा काय म्हणाले?’

‘थांबायचं म्हणतायत. दिवाळीनंतर बघू म्हणतायत.’ तिनं खिडकीची काच थोडी खाली केली. ‘प्रणिता, तुला तो का आवडतो?’

‘आजी, प्लीज. आत्ता?’

‘आत्ताच.’

‘राजस म्हणालाच होता,’ प्रणिता म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, ‘ऐन वेळेला घरातलेच फिरतात.’

‘राजस काय म्हणाला ते नाही विचारलं मी.’

‘मग काय विचारलंस? तू पण पत्रिकेवाली झालीस का आता? तू?’

त्या ‘तू’त सगळं होतं, सकाळचा चहा, पलंगाचा काठ, लहानपणी शिकवलेल्या कविता, मुडदूस झाला होता तेव्हा मालीश केलेले पाय. तिनं काहीतरी म्हणायला हवं होतं, काहीही. माझ्यावर विश्वास ठेव, किंवा मी बोलते बाबांशी, किंवा मुली, हे तुझं आहे का एवढंच सांग, मग मी त्या दाधीचजीच्या गंधासकट सगळ्या ग्रहांना हसून दाखवते. पण कशावरून म्हणायचं? कुणाच्या तोंडानं? पन्नास वर्षं दुसऱ्याचं हसणं हसलेल्या बाईनं, नातीला विचारायचं की तुझं बोलणं तुझंच ना?

‘मी संध्याकाळी आल्यावर बोलू,’ प्रणिता म्हणाली, अगदी परक्यासारखी, आणि फोन बंद झाला.

उंटगाडी सरकली. निनादनं गिअर टाकला. आणि तेव्हा, काहीही न बोलावता, ते आलं: फोनवर रडणाऱ्या मुलींचं एक बरं असतं, नळ बंद करायला उठावं लागत नाही. ठसक्यात. मोकळ्या हातानं टाकल्यासारखं. ते तिनं ऐकलं, आणि नुसतं ऐकलं, पायरीवर बसलेल्या माणसाचं ऐकावं तसं. आजवर तिला ते ऐकू येण्याआधीच ती बोलून मोकळी व्हायची. केवढं स्वस्त होतं ते. केवढी हौस होती ह्यांना, समोरच्याच्या हातातला दोरा बघायची आणि तो नेमका तेव्हाच... शेवटी दवाखान्यात नाकात नळ्या, आणि तरीही डॉक्टरच्या उच्चारावर एक वाक्य. आयुष्यभर नाकानं जगले, नाकानंच गेले. तिला त्या माणसाविषयी – आपल्या माणसाविषयी – अशी तुच्छता वाटली, इतकी स्वच्छ आणि इतकी पुरेपूर, की तिला हलकं वाटलं. हे तरी माझं आहे. हे त्यांनी मला दिलेलं असूच शकत नाही...

‘आई,’ निनाद म्हणाला. तो रस्ता सोडून तिच्याकडे पाहत होता. ‘आत्ता कुणाला हसलीस?’

तिची हनुवटी वर होती. ती तिनं खाली केली. पुलाच्या सावलीतून गाडी उन्हात आली, आणि तो उत्तराची वाट पाहत राहिला, साध्या उत्तराची, एका नावाची. तिला मात्र त्याच्या आधीचाच प्रश्न अडला होता: हसलं कोण?